आपण म्हणजे कोण

तुम्हा दोघांना हे एकत्रच लिहिते आहे, म्हणजे आधी कोणाला लिहिलं यावरून भांडण नको. मोठीने वाचावं आणि धाकट्याला जिथे अडेल तिथे सांगावं. जोडाक्षरांशी त्याचं अजून पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. गेल्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला. मोठीने विद्यापीठातला प्रवेश सोडला आणि तिथल्या फी नसलेल्या कम्युनिटी कॉलेजात वायरिंग शिकायला नाव घातलं, हे तिने मला कोणाचं दुखणं सांगावं तशा आवाजात सांगितलं. "आई, तू समजाव तिला. तुझं ऐकते ती." मी म्हटलं, लिहिते. काय लिहिशील, ते तिने विचारलं नाही.

समजावण्यासाठी हे लिहीत नाही. मुली, तू शीक. पण फी न घेता हेच काम शिकवणाऱ्या इथल्या एका केंद्रात मी दोन वर्षं जाते आहे, आणि तिथे माझ्या हातून एक चूक झाली. ती मी अजून कोणाला नीट सांगितलेली नाही. तुम्ही लांब, परदेशात आहात, आणि लांबच्या माणसाला अशा गोष्टी सांगता येतात. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही गेलं असतं, आयुष्यभर तेच शिकवलं. पण चूक एका मराठी शब्दाची आहे आणि इंग्रजीत त्या शब्दाला जागाच नाही.

तुमचे आजोबा गेल्यावर तुमच्या आईने मला खराडीत आणलं. अकरावा मजला, चोवीस तास पाणी, खाली पहारा. तिचं काही चुकलं नाही. फक्त सकाळी नऊनंतर आमच्या मजल्यावर मी एकटी उरते. बाकीच्या तिन्ही घरांतली माणसं गळ्यात निळ्या पट्ट्या अडकवून ऑफिसला जातात. दिवसात एखाद्या वेळी बेल वाजते ती चुकून, पार्सलवाल्याला शेजारचं घर हवं असतं. मी सांगू लागते, "ते शेजारी राहतात, पण आत्ता घरात कोणी नाही, आपण पार्सल माझ्याकडे ठेवलंत तरी..." तोवर त्याने पार्सल दाराशी ठेवून, त्याचा फोटो काढून लिफ्ट गाठलेली असते.

मी वेळापत्रकाने जगणारी बाई. साडेअकराला जेवण, एक वाजता शब्दकोडं, चारला चहा. सकाळी दहा वाजता मी खाली लॉबीत जाऊन बसायची. कोणी विचारलं तर पत्रपेटी बघायला आले म्हणून सांगायची. पत्रपेटीत विम्याची पाकिटं असतात, तीही आजोबांच्या नावाची.

लॉबी पुसायला हाउसकीपिंगची एक बाई होती. तिशी ओलांडलेली, बारीक, विटकरी युनिफॉर्म, पदराची सवय असल्यामुळे सारखा खांद्यावर जाणारा हात. भंडाऱ्याकडची. नवरा टेम्पो चालवायचा, पहाटे मार्केट यार्डात भाजी पोचवायचा. दोन मुलं, वाघोलीत एक खोली. हे सगळं मला तिनेच सांगितलं, मी न विचारता. त्या इमारतीत न विचारता बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

"काकू, काय करून राहिल्या?"

"बसले आहे."

"रोजच बसून राहता बाप्पा तुम्ही. पाय नाही का दुखत?"

बसून पाय कसे दुखतील, असं मी म्हणायची, आणि मग ती कसे दुखतात ते सांगायची.

एक दिवस तिने पोछा भिंतीला टेकवला आणि घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला. "काकू, इंग्रजी येते ना तुम्हाले?"

"येतं थोडंफार," मी म्हटलं.

तो वाघोलीतल्या एका केंद्राचा फॉर्म होता. कुठल्याशा ट्रस्टचं केंद्र, सहा महिन्यांचं शिक्षण, फी नाही. शिवण, पार्लर, रुग्णसेवा, घरगुती वायरिंग. तिने वायरिंगवर बोट ठेवलं. मी विचारलं, वायरिंगच का? तिने लॉबीच्या कोपऱ्यातल्या विजेच्या खोलीकडे मान वळवली. "ते पॅनल मी तीन वर्षांपासून वरून वरून पुसून राहिली. लाइट गेली की सोसायटीचा माणूस येते अन् मले म्हणते, बाजू हो. मले नाही व्हायचं बाजू. मले ते उघडून पाहायचं आहे."

'हे शिक्षण का हवं' अशा रकान्यात मी इंग्रजीत सुबक वाक्य लिहिलं. तिने वाचायला लावलं, मग मराठीत सांगायला लावलं. "कौशल्य प्राप्त करून स्वावलंबी होण्यासाठी."

"असं मी कुठं म्हणलं?"

मी ते खोडलं आणि ती म्हणाली होती तेच लिहिलं. खाली बारीक अक्षरात एक अट होती, ती मी तिला दोनदा वाचून दाखवली. फी नसलेली जागा एका माणसाला एकदाच मिळते. शेवटच्या परीक्षेत नापास झालं, तर पुन्हा नाही.

"एकदाच?"

"एकदाच."

"मंग एकदाच," ती म्हणाली आणि सही केली. दहा मिनिटांचा फॉर्म. मी तो तासभर पुरवला.

फॉर्मवर संपर्कासाठी तिने माझाच नंबर दिला होता, त्यावर पुढच्या आठवड्यात त्या केंद्राच्या व्यवस्थापकांचा फोन आला. खोडलेलं वाक्य आणि त्याखालचं वाक्य, दोन्ही वाचून त्यांना हसू आलं होतं, आणि अक्षर आवडलं होतं. मुलींना हाताचं काम येतं, पण गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, तर मी येऊन बोलायला शिकवीन का? मानधन देता येणार नाही. मी विचार करून सांगते म्हटलं, आणि फोन ठेवून लगेच पुन्हा लावला.

अशी मी सोमवारी आणि गुरुवारी वाघोलीला जाऊ लागले. तिची पाळी दोनला सुटायची. आम्ही बरोबरच बस पकडायचो. नगर रोडवर बस पुढे सरकायची कमी आणि थांबायची जास्त, बाकीचे प्रवासी चडफडायचे, मी मात्र नाही. ती भाजलेले दाणे आणायची आणि सोलून माझ्या हातावर ठेवता ठेवता बोलायची. वायरचे रंग, फेज म्हणजे काय, न्यूट्रल म्हणजे काय, अर्थिंग नसलं तर फ्रीजला हात लावल्यावर का झिणझिणतं. हे सगळं ती वर्गात एकदा शिकायची आणि बसमध्ये मला शिकवून पक्कं करायची. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

केंद्र म्हणजे हार्डवेअरच्या दुकानांवरचे दोन मजले. वरच्या मजल्यावर एका भिंतीला लाकडी बोर्ड ओळीने ठोकलेले, त्यांवर स्विच, होल्डर, पंख्याचे रेग्युलेटर. समोरच्या भिंतीवर या सगळ्यांचा मेन स्विच. मधे बाकं. वायरिंग शिकवणारे सर कमी बोलत. त्यांचं एकच वाक्य मी रोज ऐकलं, "आधी टेस्टर, मग हात." टेस्टर म्हणजे तो छोटा स्क्रू ड्रायव्हरसारखा, तारेत वीज असली की आतला दिवा लागतो तो. प्रत्येकीच्या खिशात एक असायचा.

माझ्या वर्गात चौदा बायका. मी फळ्यावर पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरात 'आपण' लिहिलं. गिऱ्हाइकाला 'तू' नाही, 'तुम्ही'ही जरा कमीच, 'आपण'. आपण बसा. आपण सांगा. आपण केव्हा घरी असता?

लोणीकंदकडची एकजण म्हणाली, "बाई, आमच्यात सासऱ्याला बी कुणी आपण म्हणत न्हाई. म्हटलं तर त्यो म्हणंल, हिला काय पायजे हाय?"

सगळ्या हसल्या. मग आमची ती उठली. "मॅडम," वर्गात ती मला मॅडम म्हणायची, "आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे समोरचा माणूस. आदराने."

"आमच्याकडे आपण म्हणजे आपण सारे. आपण जेवू म्हणलं तर काय तुम्ही एकट्याच जेवता अन् मी पाहून राहते?"

पुन्हा हशा. मी म्हटलं, "संदर्भावरून कळतं." पंतोजीचं उत्तर. विषय मिटवायचा असला की मी नेहमी हेच उत्तर दिलं आहे.

"अन् मले तर तुम्ही तू म्हणता," ती खाली बसता बसता म्हणाली. तिला ते लागलं होतं की ती गंमत करत होती, मला कळलं नाही. मी पुढचा मुद्दा लिहायला घेतला. पुढचा मुद्दा असा होता: घरातलं वडीलधारं माणूस काही सांगत असेल, तर त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं दाखवू नये, 'हो जी' म्हणावं. 'हो जी' हे मी तिच्याकडूनच उचललं होतं, छान वाटायचं म्हणून.

सहा महिने संपले. परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक आले. वाकलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, शब्दाशब्दाला आदर. आमच्या पिढीचे, आमच्या गावचे. "या. आपलं नाव नको, क्रमांक सांगा. आपण मराठी की हिंदी? बरं." मी हजेरीचं रजिस्टर घेऊन मागच्या बाकावर बसले होते.

हा दिवस तिच्यासाठी काय होता, ते सांगायला हवं. वाघोलीत नव्या इमारतींची देखभाल बघणाऱ्या एका कंत्राटदाराने केंद्राला तीन बायका मागितल्या होत्या, आणि वायरिंगच्या सरांनी पहिलं नाव तिचं दिलं होतं. दाखला महिनाअखेरीच्या आत हवा होता. पोछा ठेवायचा आणि टेस्टर घ्यायचा, एवढंच अंतर होतं.

तिच्या वाट्याला बोर्डातला जळका स्विच बदलायचं काम आलं. तिने पुढचं झाकण सोडवलं, सरळ, न गडबडता. मेन तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होता. परीक्षक आपल्या कागदात बघत होते. मान वर न करता म्हणाले, "आपण मेन बंद केलाय."

आवाज जराही वर गेला नाही. आम्ही पुण्याची माणसं प्रश्न असाच विचारतो, सपाट. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं की हा प्रश्न आहे.

ती म्हणाली, "हो जी."

आणि स्क्रू ड्रायव्हर आत घातला.

निळा जाळ उडाला, मागे मेन खटकन पडला, भिंतीवरचे सगळे दिवे गेले. "माय वो!" ती ओरडली आणि हात झटकला. बोटाच्या टोकाला भाजलं होतं, तेवढंच. सर धावले, तिचा हात उलटापालटा करून बघितला, आणि मग ओरडले, "टेस्टर कुठाय? खिशात कशाला ठेवलाय, शोभेला?"

"साहेब म्हणले ना, आपण मेन बंद केला," ती म्हणाली. "मले वाटलं, साहेबांनी केला."

"आणि तरी टेस्टर लावायला काय झालं होतं?"

"एवढ्या मोठ्या माणसानं सांगितल्यावर त्यांच्यासमोर टेस्टर लावू?" तिने माझ्याकडे बघितलं. "मॅडमनी सांगितलं, संशय नाही दाखवायचा."

बाकीच्या तेराही जणी माझ्याकडे वळल्या.

चहाच्या वेळी मी परीक्षकांकडे गेले. ते खिडकीशी बिस्कीट चहात बुडवत होते.

"नमस्कार. मला जरा बोलायचं होतं."

"बोला. आपण?"

"मी इथे बोलणं शिकवते."

"अरे वा. मग आपलं काम फळाला आलंय. बोलल्या त्या. 'माय वो' म्हणाल्या."

मी ते गिळलं. "तुम्ही 'आपण बंद केलाय' म्हणालात. तिला वाटलं, तुम्ही केला."

"मी कशाला करू? परीक्षा माझी होती का?"

"मराठीत दोन्ही अर्थ होतात. आपण म्हणजे तुम्ही, आणि आपण म्हणजे आपण."

"म्हणजे कोण?"

"तेच तर."

त्यांनी बिस्किटाचा चहात पडलेला तुकडा चमच्याने काढला. "बाई, टेस्टरला दोन अर्थ नसतात. दिवा लागतो, नाहीतर लागत नाही. तो त्यांच्या खिशात होता. उद्या कोणाच्या घरी आजोबा म्हणतील, मेन बंद आहे, आणि आजोबांना ऐकू येत नसेल. मी पास केलं, तर मी त्यांचं भलं केलं असं वाटतं का आपल्याला?"

ते खरं होतं. माझंही खरं होतं. कागदावर मात्र तिच्या क्रमांकापुढे त्यांच्या पेनाची रेघ होती, नापासची.

व्यवस्थापक जिन्यात भेटले. म्हणाले, एक वाट आहे. शिकवण्यातच चूक झाली असं शिकवणाऱ्याने लेखी दिलं, तर ट्रस्ट पुन्हा परीक्षा घेऊ शकतो. पंधरा दिवसांच्या आत. "पण मॅडम, असं लिहून दिलंत तर ते तुमचा वर्गच नको म्हणतील. विचार करा."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, पुढे बसली. खराडीत बसमधून आधी उतरून मला हात द्यायला थांबली. तिचा मुलगा त्या दिवशी खराडीत मावशीकडे होता, त्याला घ्यायचं होतं तिला. "उतरा, मॅडम," ती म्हणाली. बसमध्ये आणि रस्त्यावर मी तोवर काकू होते.

आता जे लिहिते ते तुमच्या आईला वाचून दाखवू नका.

घरी येऊन मी चहा ठेवला, आणि आधण येईपर्यंतच्या वेळात माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतं आहे. वाईट वाटत होतंच, पण त्याखाली बरं वाटत होतं. ती आता कुठे जाणार नव्हती. उद्या दहा वाजता ती लॉबीत असणार होती, परवाही, पुढच्या वर्षीही. मी गॅस बंद केला आणि उभीच राहिले. स्वतःबद्दल इतकं स्पष्ट काही मला त्याआधी कधी कळलं नव्हतं.

तरीही मी पत्र लिहिलं नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, शब्द नीट जुळवू. तिसऱ्या दिवशी म्हटलं, सोमवारचा वर्ग होऊन जाऊ दे. तो वर्ग मी घेतला. नवी तुकडी आली होती. बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी पिशवी ठेवली. सकाळी दहाला मी लॉबीत जायची. ती पुसत असायची. "कशी आहेस?" "बरी आहे, मॅडम." भाजलेल्या बोटाला चिकटपट्टी होती. ती पुढे पुसत जायची आणि मी पत्रपेटीकडे बघत बसायची. मला हवं होतं ते माणूस तिथेच होतं, आणि बोलत नव्हतं.

नवव्या दिवशी लॉबीतले अर्धे दिवे लुकलुकू लागले. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आला, विजेच्या खोलीचं दार उघडलं. ती दारातच पुसत होती.

"बाजू हो."

ती सरकली. पण आत बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, न्यूट्रल सैल असंल. तिसरा. काळा पडला आहे पाहा."

"तू फरशी बघ," तो म्हणाला.

त्याने आधी एक बटण बदललं. मग दुसरं. पाऊण तासाने तिसऱ्या न्यूट्रलचा स्क्रू आवळला आणि दिवे स्थिर झाले. तो हत्यारं उचलून निघून गेला. पोछा पिळून तिने त्याच्या बुटांचे डाग पुसले. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कदाचित आणखी चार दिवस काढले असते.

मी वर गेले आणि लिहायला बसले. सवयीने इंग्रजीत सुरुवात केली. पानभर झालं. आदरार्थी द्वितीय पुरुष आणि समावेशक प्रथम पुरुष यांची रूपं सारखीच असल्यामुळे, वगैरे. वाचलं तर सबब वाटत होती. ते फाडलं आणि मराठीत सहा ओळी लिहिल्या. मी त्यांना 'आपण' हा शब्द शिकवला. त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला होता, मी नीट सांगितला नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं तपासू नये, असंही मीच शिकवलं. विजेच्या कामात हे शिकवणं चूक होतं. चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

'त्यांना', 'त्यांनी', 'त्यांची'. रोज भेटणाऱ्या बाईला मी पहिल्यांदा मान दिला तो ट्रस्टच्या पत्रात.

ट्रस्टने माझा वर्ग चौकशीपर्यंत थांबवला आणि दुसऱ्या केंद्राच्या तुकडीबरोबर तिची परीक्षा पुन्हा लावली. तेच परीक्षक. मला आत जायला मनाई होती, म्हणून मी जिन्याशी उभी राहिले. दार पूर्ण लागत नाही, लाकूड फुगलंय त्याचं.

झाकणाचे स्क्रू बाकावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, तसाच सपाट. "आपण मेन बंद केलाय."

मी कठडा धरला.

"आपण म्हणजे कोण जी, साहेब?" ती म्हणाली. कोणीतरी खुदकन हसलं. "मी नाही केला अजून. तुम्ही केला असंल, तरी मी पाहते."

पावलं समोरच्या भिंतीपर्यंत गेली. मेन खट झाला. पावलं परत आली.

"आता बंद केलात ना? मग तो टेस्टर कशाला? माझ्यासमोर बंद केलात. माझ्यावर विश्वास नाही वाटतं."

"तुमच्यावर आहे जी. तारेवर नाही."

बराच वेळ नुसता स्क्रू फिरल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "चला, पुढचा क्रमांक." यापेक्षा जास्त कौतुक आमच्या गावात होत नाही.

ती बाहेर आली. "झालं, मॅडम."

"अभिनंदन," मी म्हटलं. "तुम्ही छान केलंत."

'तुम्ही' ऐकून तिने जरा थबकून माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याला फोन लावायला खाली उतरली. तो शब्द द्यायला मला सात महिने लागले, आणि दिला तेव्हा तो परकेपणाचा वाटला असावा.

महिनाअखेरीला ती वाघोलीच्या कामावर रुजू झाली. लॉबीतला तिचा शेवटचा दिवस कोणता, हे मला नंतर कळलं. मी त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. आता तिथे दुसरी बाई आहे, कानात वायर घालून पुसते. मी दहाला खाली जाणं बंद केलं आहे, दहाला आता मी औषधांच्या डब्या भरते. मधे एकदा मी तिला मोबाइलवर लांब निरोप लिहिला. काम कसं चाललं आहे, मुलं कशी आहेत, बोट बरं झालं का. दोन दिवसांनी उत्तरात एक अंगठा आला. तिच्या हाताला काम असतं. मी ते समजू शकते, आणि तरी दिवसभर तो अंगठा उघडून बघत होते.

माझा वर्ग ट्रस्टने महिन्याभराने पुन्हा सुरू केला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बसला अजून तेवढाच वेळ लागतो. दाणे मी स्वतः भाजून नेते, पण सोलायचा कंटाळा येतो.

वर्गात परत गेले तेव्हा व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून मी एक कागद लिहून लाकडी बोर्डांच्या भिंतीवर लावला. 'काम करताना मी किंवा तुम्ही म्हणा, आपण म्हणू नका. कोणीही काहीही सांगितलं तरी आधी टेस्टर लावा.' नंतर एका गुरुवारी बघितलं, तर त्याखाली निळ्या पेनने एक ओळ वाढलेली होती. दाखल्याची छापील प्रत न्यायला ती मधल्या कुठल्याशा दिवशी येऊन गेली होती, मी नसताना. अक्षर फॉर्मवरच्या सहीचं, तिरकं. 'साहेब असले तरी. मॅडम असल्या तरी.'

ती तिथे आता येत नाही. केंद्र चालू आहे, फी अजूनही नाही. सध्याच्या तुकडीत अकरा बायका आहेत. कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो मी चिकटवला. दोन्ही अक्षरं वाचता येतात.